कॅव्हेट टाकलंय, म्हणजे नक्की काय केलंय?

17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं. उद्धव ठाकरे आता सुप्रीम कोर्टात जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शिंदे यांच्या बाजूने तिथे लगोलग कॅव्हेट दाखल झालं. पुढच्या वर्षी 6 फेब्रुवारीला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाकडे गेलं, तेव्हा त्यांनीही तेच केलं. दोन्ही वेळा टीव्हीवर 'कॅव्हेट दाखल'ची पट्टी फिरली आणि दोन्ही वेळा टपरीवर तिचा एकच अर्थ निघाला: आता समोरच्याला कोर्टात जाताच येणार नाही!

समोरचे गेलेच की. ठाकरे गटाची याचिका 22 फेब्रुवारी 2023 ला सुप्रीम कोर्टापुढे आली. कोर्टाने आयोगाच्या आदेशाला स्थगिती दिली नाही, पण याचिकेवर नोटीस काढली. ही स्थगिती नाकारली गेली ती कॅव्हेट पडलं होतं म्हणून नाही, तो कोर्टाचा निर्णय होता. कॅव्हेटने साधलं ते एवढंच की पहिल्याच तारखेला शिंदे यांचे वकील उत्तर द्यायला हजर होते. त्याशिवाय दुसरं काहीही कॅव्हेट करत नाही. तरी गावोगावच्या कोर्टांत लोक ते ढालीसारखं मिरवतात, आणि गरज असते तेव्हा नेमकं विसरतात.

ते का लागतं, हे कळायला आधी मनाई हुकूम कसा मिळतो ते बघावं लागेल.

समजा, सामायिक गटातल्या आपल्या वाट्यात तुम्ही घराचा पाया खोदायला घेतलाय. चुलतभावाचं म्हणणं, ही जागा त्याची. तो शुक्रवारी दुपारी तालुक्याच्या कोर्टात दावा लावतो आणि दाव्यासोबत निशाणी 5 चा अर्ज देतो. महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टात 'निशाणी 5' म्हटलं की अंतरिम मनाईचा अर्ज, हे शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. अर्जासोबत खोदकामाचे फोटो, सातबारा, प्रतिज्ञापत्र. त्याचे वकील सांगतात, साहेब, उद्या-परवा शनिवार-रविवार आहे, सोमवारपर्यंत भिंत उभी राहील. न्यायाधीशांपुढे त्या क्षणी फक्त त्याचेच कागद आहेत. 1998 साली झालेल्या वाटणीचा तुमच्याकडचा लेख त्यांनी पाहिलेला नाही, कारण तुम्ही तिथे नाहीच. मग तूर्तातूर्त मनाईचा आदेश होऊ शकतो: पुढील तारखेपर्यंत बांधकाम करू नये.

शनिवारी सकाळी बेलिफ दारात. गवंडी घरी परत, सळई उघड्यावर, सिमेंटच्या गोण्या दमट होणार. तुमची बाजू खरी असेलही, पण ती मांडायला आता वकील गाठा, म्हणणं तयार करा, तारीख घ्या. कोर्टाच्या तारखा कशा पडतात ते सांगायला नकोच.

कायद्याला असे एकतर्फी आदेश आवडत नाहीत, हेही खरं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39, नियम 3 प्रमाणे मनाई देण्याआधी समोरच्याला नोटीस काढायची, हाच नियम आहे. नोटीस काढण्यात जाणाऱ्या वेळामुळे मनाईचा हेतूच फसणार असेल तरच ती वगळायची आणि तशी कारणं लिहून ठेवायची. एकतर्फी मनाई दिलीच, तर अर्ज 30 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा, असं नियम 3अ सांगतो. पण अर्ज लिहिणारा वकील हुशार असेल, तर प्रत्येक प्रकरण 'आज नाही तर कधीच नाही' असंच दिसतं.

या फटीवरचा उपाय म्हणून संहितेत कलम 148अ आलं. विधी आयोगाने 1973 च्या आपल्या 54 व्या अहवालात ते सुचवलं, 1976 च्या दुरुस्ती कायद्याने ते घातलं गेलं आणि 1 मे 1977 पासून लागू झालं. त्याचा मथितार्थ असा: आपल्याविरुद्ध कुणी अर्ज करणार असं वाटत असेल, किंवा अर्ज झालेलाही असेल, आणि त्या अर्जाच्या सुनावणीत हजर राहण्याचा आपला हक्क आहे असं म्हणणं असेल, तर कोर्टात आगाऊ लिहून ठेवता येतं की मला कळवल्याशिवाय आणि माझं ऐकल्याशिवाय या अर्जावर आदेश करू नका. हे लिहून देणारा तो कॅव्हेटर. ज्याच्याकडून अर्जाची अपेक्षा आहे त्याला आपल्याकडे सर्रास कॅव्हेटी म्हणतात.

एसटी फलाटाला लागताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, त्यातलाच हा प्रकार. जागा धरली, पण तिकीट काढायचं बाकी आहे, आणि गाडी सुटताना तुम्ही गाडीत नसाल तर रुमालाचा उपयोग शून्य.

शब्द लॅटिन आहे. 'सावध असणे' या अर्थाच्या क्रियापदाचं ते रूप, 'त्याने सावध असावं' असं सांगणारं. पॉम्पेच्या एका घराच्या उंबऱ्याशी कुत्र्याचं मोझॅक चित्र आहे आणि खाली 'कावे कानेम' लिहिलंय, म्हणजे 'कुत्र्यापासून सावध राहा'. पुण्यातल्या बंगल्यांच्या फाटकांवरची पाटी दोन हजार वर्षं जुनी निघाली म्हणायची! याच क्रियापदातून 'कॅव्हेट एम्प्टर' आलं: घेणाऱ्याने पारखून घ्यावं. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 16 मध्ये हे तत्त्व अपवादांसह बसवलेलं आहे. ग्राहक संरक्षण कायद्याने, आधी 1986 च्या आणि आता 2019 च्या, सावध राहण्याचं बरंचसं ओझं विकणाऱ्याच्या डोक्यावर दिलं. नावात साम्य असलं तरी कोर्टातल्या कॅव्हेटशी त्याचा संबंध नाही. कायद्याच्या परीक्षेत मात्र दोन्हींची सरमिसळ हमखास होते.

या शब्दाचा एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातही कॅव्हेट असायचं: माझा शोध अजून पुरा व्हायचाय, तोवर याच विषयावर दुसऱ्या कुणाचा अर्ज आला तर मला कळवा. अँटोनियो मेउची या इटालियन गृहस्थाने 1871 साली तारेतून आवाज पाठवण्याच्या यंत्राबद्दल असं कॅव्हेट दिलं होतं. त्याची मुदत दरवर्षी पैसे भरून वाढवावी लागे, आणि 1874 नंतर त्याने ती वाढवली नाही. 14 फेब्रुवारी 1876 ला एलिशा ग्रेने टेलिफोनचं कॅव्हेट दाखल केलं, पण त्याच दिवशी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा पुरा अर्जच त्या कार्यालयात पोचलेला होता. पुढे काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. कॅव्हेटची मुदत संपू देऊ नये, हे मी अशिलांना एरवी सांगतोच. मेउचीचं नाव घेऊन सांगितलं की जरा लक्षात राहतं.

आपल्याकडे ही मुदत 90 दिवसांची आहे, आणि ती कॅव्हेट दाखल केल्याच्या तारखेपासून मोजायची. 1 जूनला टाकलेलं कॅव्हेट 30 ऑगस्टला संपतं. दरम्यान समोरच्याचा अर्ज आला तर ते त्या अर्जापुरतं कामाला आलं. नाही आला, तर नवीन कॅव्हेट टाकायचं. जुन्याला मुदतवाढ असा प्रकार संहितेत नाही. समोरचाही दिवस मोजत असतो. कॅव्हेटची नोटीस हातात पडल्यावर गप्प बसलेला माणूस नव्वदी उलटताच दावा लावतो, हा योगायोग तालुका कोर्टात फारच वेळा घडतो.

कॅव्हेटचा कागद दिसायला साधा. वर 'मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे न्यायालयात', खाली कॅव्हेटरचं नाव, वय, धंदा, राहणार, मग 'विरुद्ध', मग समोरच्याचं तसंच. त्याखाली कलम 148अ चा उल्लेख, मिळकतीचं वर्णन, आणि समोरचा कसला अर्ज करेल असं वाटतं ते दोन परिच्छेदांत. सोबत वकीलपत्र, थोडी कोर्ट फी, आणि समोरच्याला नोटीस पाठवल्याची टपालाची पावती. कायद्याचे शब्द 'पोचपावतीसह नोंदणीकृत टपाल' असे आहेत. डाक खात्याने 2025 मध्ये ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली असल्याने आता पोच मिळण्याची सोय मागूनच पत्र टाकावं आणि तो कागद फाइलला लावावा. पावती नाही तर नोटीस दिली हे सिद्ध कसं करणार?

एवढ्याशा कागदात चुका कुठे होतात? पहिली, नावात. नवा दावा आला की त्यातल्या पक्षकारांविरुद्ध किंवा त्यांच्या बाजूने कॅव्हेट पडलंय का, हे कचेरीत नावांवरूनच बघतात, मग ती नोंदवही असो की संगणक. तुम्ही 'बाळू' लिहिलंत आणि दाव्यात 'बाळकृष्ण' आला, तर जुळणार कसं? म्हणून उर्फ नावं घालावीत. आणि चुलतभाऊ स्वतः दावा लावेलच असं नाही. जमीन वहिनींच्या नावे असेल तर दावा त्या लावतील. ज्यांच्या ज्यांच्याकडून अर्ज येऊ शकतो ती सगळी नावं हवीत.

दुसरी चूक मिळकतीच्या वर्णनात. जुना सर्व्हे नंबर, नवा गट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा हे सगळं द्यावं. एका घराण्याच्या सात मिळकती असतात आणि कॅव्हेट भलत्याच मिळकतीवर पडतं.

तिसरी आणि सगळ्यांत महागात जाणारी चूक कोर्टाची. दाव्याच्या मूल्यांकनावरून तो कनिष्ठ स्तराकडे जातो की वरिष्ठ स्तराकडे, ते ठरतं. मूल्यांकन ठरवणार दावा लावणारा, तुम्ही नव्हे. तुमचं कॅव्हेट एका कोर्टात आणि त्याचा दावा दुसऱ्यात, असं झालं तर त्या दुसऱ्या कोर्टाला तुमच्या कॅव्हेटची खबरच नसते. म्हणून शंका असेल तिथे दोन्हीकडे टाकतात. गृहनिर्माण सोसायटीचा वाद असेल तर दिवाणी कोर्टासोबत सहकार न्यायालयाचाही विचार करावा लागतो. सरकारी बदल्या साधारणपणे एप्रिल-मेमध्ये होतात. तेव्हा नव्या जागी आलेला अधिकारी, तिथून हललेला सहकारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात म्हणजे मॅटमध्ये जाईल या धास्तीने तिथे कॅव्हेट टाकून ठेवतो.

सगळं नीट जमलं की पुढचं काम कायदाच करतो. अर्ज आला की कोर्टाने कॅव्हेटरला नोटीस द्यायची. अर्जदाराला कॅव्हेटची नोटीस मिळाली असेल, तर त्याने अर्जाची आणि सोबतच्या कागदांची प्रत कॅव्हेटरला द्यायची, झेरॉक्सचा खर्च कॅव्हेटरचा. मग पुकारा होतो, तुमचे वकील उभे राहतात आणि 1998 चा वाटणीलेख पहिल्याच दिवशी न्यायाधीशांपुढे जातो. तरीही मनाई मिळू शकते, बरं का. दोन्ही बाजू ऐकून मिळालेली मनाईसुद्धा मनाईच. आणि नजरचुकीने कॅव्हेट असूनही एकतर्फी आदेश झालाच, तर 'माझं कॅव्हेट होतं, मी आदेश मानत नाही' म्हणून काम चालू ठेवू नका. आदेश आहे तोवर पाळायचा आणि तातडीने त्याच कोर्टापुढे जाऊन चूक दाखवायची.

आता कॅव्हेट काय करत नाही, ते जरा पसरून सांगायला हवं, कारण माणसं इथेच फसतात.

ते समोरच्याच्या हातांना बांधत नाही. चुलतभाऊ उद्या पहाटे जेसीबी आणून बांध उकरणार असेल, तर तुमचं कॅव्हेट कोर्टाच्या कपाटात स्वस्थ पडून राहील. तिथे तुम्हालाच दावा लावून मनाई मागावी लागते. 'मी कॅव्हेट टाकून ठेवलंय' म्हणत निर्धास्त झोपलेल्यांची शेतं सकाळी वेगळ्याच मापाची झालेली असतात. कॅव्हेट हे कोर्टाला उद्देशून असतं, समोरच्याला त्याची फक्त खबर द्यायची असते.

ते खरेदीखत थांबवत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवताना कुठल्या कोर्टात कुणाचं कॅव्हेट आहे हे पाहत नाही. फेरफारही त्याने अडत नाही. त्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे हरकत घ्यायची असते, म्हणजे नोंद वादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते आणि सुनावणी होते. तलाठ्याला दिवाणी कोर्टातल्या कॅव्हेटची झेरॉक्स देऊन आलेले लोक भेटतात. त्यांनी हरकतीचा साधा अर्ज दिला असता तर जास्त उपयोग झाला असता.

फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात कॅव्हेटची तरतूद नाही. आपल्यावर गुन्हा नोंदवू नये म्हणून पोलीस ठाण्यात कॅव्हेट देता येत नाही. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामिनाची वाट वेगळी आहे. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट मात्र आपापल्या नियमांप्रमाणे कॅव्हेट घेतात, आणि तिथे सरकारंही मागे नसतात. जून 2022 मध्ये अग्निपथ योजनेवर याचिका येताच केंद्राने सुप्रीम कोर्टात कॅव्हेट दिलं. एप्रिल 2025 मध्ये वक्फ दुरुस्ती कायद्याच्या वेळीही दिलं.

मृत्युपत्राच्या बाबतीत मात्र हाच शब्द बराच जड होतो. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. त्याच्या अर्जाविरुद्धचं कॅव्हेट भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 284 खाली येतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच दिलाय, आणि त्याचा आशय असा: अमुक मयताच्या मिळकतीबाबत तमुकाला सूचना दिल्याशिवाय काहीही होऊ नये. हे कॅव्हेट पडलं आणि वाद उभा राहिला की साधा वाटणारा प्रोबेट अर्ज कलम 295 प्रमाणे रीतसर दाव्याचं रूप घेतो. साक्षी, उलटतपास, सगळं. मुंबई हायकोर्टात असे वाद वर्षानुवर्षं चालतात. म्हणूनच इथे कुणाही ऐऱ्यागैऱ्याला कॅव्हेट टाकता येत नाही. मयताच्या मिळकतीत त्याचा काहीतरी हितसंबंध दाखवावा लागतो. पुतण्याला राग आलाय, हे कारण पुरत नाही.

सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलियात राहणारे मराठी लोक या शब्दाने आणखी वेगळेच गोंधळतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. तिथे जमिनीची मालकी सरकारी नोंदवहीवर चालते. ही टॉरेन्स पद्धत 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू झाली. तिथलं कॅव्हेट थेट त्या नोंदवहीवर चढतं आणि ते असेपर्यंत त्याच्या आड येणारा व्यवहार नोंदला जाऊ शकत नाही. सिंगापुरात फ्लॅट घेताना खरेदीदाराचा वकील असं कॅव्हेट टाकतो. तिथल्या सवयीने नाशिकच्या वडिलोपार्जित जागेवर 'कॅव्हेट टाकून ठेवा, म्हणजे काका विकू शकणार नाहीत' असा फोन आला, तर समजावून सांगावं की नाशिकला तसं होत नाही. काका विकू शकतात. त्यांना अडवायचं तर दावा लावावा लागेल आणि दावा चालू असल्याची नोंदही करून घ्यावी लागेल.

मग कॅव्हेट टाकावं की नाही? सोसायटीच्या पुनर्विकासाला दोन सभासदांचा विरोध आहे, पालिकेची परवानगी हातात आहे, उद्यापासून पाडकाम: टाकावं. खालच्या कोर्टात जिंकलात आणि समोरचा अपिलात स्थगिती मागणार: डोळे मिटून टाकावं. पण नुसती भाऊबंदकीची कुजबुज असेल तर मी दोनदा विचार करायला सांगतो. कॅव्हेटची नोटीस समोरच्याच्या घरी जाते. ज्याच्या डोक्यात दाव्याचा विचारही नव्हता त्याला तुम्हीच टपालाने कळवता की याबद्दल कोर्टात जाता येतं. वर तो म्हणतो, चोराच्या मनात चांदणं.

आणि तुमच्याच घरी असा लिफाफा आला तर? कोर्टाचं नाव, तुमचं नाव आणि मधे 'विरुद्ध' पाहून घरात रडारड होते. तुमच्यावर केस झालेली नाही. हजर राहायची तारीख त्यात नसते, आणि उत्तर दिलंच पाहिजे असंही नाही. मात्र कागद नीट वाचा: समोरच्याला तुमच्याकडून कसली भीती वाटतेय, आपला हक्क तो कशावर टेकवतोय, कुठली मिळकत, हे सगळं त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं असतं. पाकिटावरच्या शिक्क्यासकट जपून ठेवा. पुढे खरंच दावा लावायची वेळ आली, तर वकिलाकडे जाताना तो पहिल्यांदा बाहेर काढा. लपवून एकतर्फी मनाई घ्यायचा मोह होईल, पण कॅव्हेटच्या नोंदीत नाव सापडलं की पहिल्याच तारखेला न्यायाधीशांची मर्जी गेलेली असते.